मागच्या सीटला दिलेले गुण

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी गेलो तोही यंत्रांचं शिकायला. घरात लिहिलेला कागद म्हणजे लग्नपत्रिका, नाहीतर विजेचं बिल. त्यामुळे अनोळखी लोकांनी वेळ काढून वाचावं असं काही मी लिहावं, हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. त्यातून विषय काय, तर मोटारीची मागची सीट. ज्याच्या दारात आजही मोटार नाही त्याने त्या सीटच्या आरामाविषयी बोलायचं! पण वर्षभर मी याच विषयावर बोलत होतो, लोकांसमोर उभा राहून, पडद्यावर चित्रं दाखवून. तेव्हा माफी मागितली नव्हती. आणि हे सगळं ज्यांना आधी सांगायला हवं होतं त्यांना अजून सांगितलेलं नाही, त्याचीही माफी.

मी नागपूरला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. घर भिवापूरजवळच्या एका गावात. शेवटच्या वर्षी चौघांच्या गटाने एक प्रकल्प करायचा असतो. आमच्या गटाचा विषय होता, 'मोटारीच्या मागच्या सीटवरची जागा आणि आराम'. विषय मीच सुचवला होता.

त्याला कारण होतं. पहिल्या वर्षी माझ्याच वर्गातल्या, धरमपेठेत राहणाऱ्या एका मित्राने मला त्याच्या घरच्या गाडीतून होस्टेलवर सोडलं होतं. मी मागे बसलो आणि काही वेळाने लक्षात आलं, की माझे गुडघे कशालाच लागत नाहीत. मी पाय थोडे पुढे केले, तरी लागले नाहीत. तोवर माझ्यासाठी गाडी म्हणजे आमच्याकडची काळी-पिवळी, माणशी सवारी घेऊन जाणारी जीप. तिच्या मधल्या बाकावर चार जण बसतात आणि बसायचा एक नियम असतो. एकाने पाठ टेकायची, दुसऱ्याने सीटच्या कडेवर पुढे सरायचं, तिसऱ्याने टेकायची, चौथ्याने पुढे. असं केलं की चार जोड्या खांदे एका ओळीत मावतात. हा नियम कोणी सांगत नाही, बसताना आपोआप होतो. मी बारीक असल्यामुळे नेहमी पुढे सरणारा. वाटेतल्या उमरेडपर्यंत पाठ टेकायला मिळाली तर तो दिवस चांगला. मित्राच्या त्या गाडीतही मी सवयीने कडेवरच बसलो होतो. "अबे, मागे हो ना, उतरून राहिला का?" असं तो म्हणाला, तेव्हा मला फार लाज वाटली. प्रकल्प त्या लाजेतून निघाला, असं आता वाटतं.

आमची पद्धत सोपी होती. आमच्यातल्या एकाने आधी पुढच्या सीटवर बसायचं, स्वतःच्या उंचीप्रमाणे ती लावायची, मग उतरून त्याच सीटच्या मागे जाऊन बसायचं. म्हणजे माणूस स्वतःच्याच मागे बसतो. मग टेपने मोजायचं. गुडघ्यापुढे किती जागा, डोक्यावर किती, खांद्यांना किती, मांडीखाली सीट कुठपर्यंत येते. कॉलेजच्या पार्किंगमधल्या सरांच्या गाड्या, मित्रांच्या घरच्या गाड्या, एका शोरूममधल्या दोन-तीन. प्रत्येक मापाला दहापैकी गुण.

तक्त्यात सुरुवातीला आणखी एक रकाना होता. 'चढायला-उतरायला सोपं'. त्यात सीट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायचं होतं. पण आम्ही चौघे एकवीस-बावीस वर्षांचे. कुठल्याही गाडीत आम्ही सारखेच शिरायचो आणि सारखेच निघायचो. सगळ्या गाड्यांना दहापैकी दहा पडू लागले. ज्या रकान्यात सगळ्यांना सारखेच गुण, तो कशाला ठेवायचा? शिवाय तक्ता कागदावर मावत नव्हता. तो रकाना मी काढला. मीच काढला, हे लिहून ठेवतो, कारण बाकी तिघांपैकी एक जण "राहू दे ना" म्हणाला होता.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा टेप सोबत नेला. शेजारच्या काकांची काळी-पिवळी आहे. भिवापूर ते नागपूर ती चालते, आणि गावात कोणी आजारी पडलं, कोणाचं बाळंतपण अडलं, तर तीच जाते. तुलनेसाठी तिचं माप घ्यायचं ठरवलं. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून आत्याला बोलावलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती परत आली आणि मग आमच्याचकडे राहिली. आई-बाबा शेतात, त्यामुळे मला तिनेच वाढवलं. मिरचीच्या हंगामात ती दिवसभर जमिनीवर बसून मिरचीचे देठ खुडते. संध्याकाळी तिचे हात माझ्या तोंडाला लागू नयेत म्हणून लहानपणी ती मला कोपरांनी जवळ घ्यायची.

टेपचं टोक धरून ती जीपमध्ये बसली आणि म्हणाली, "काहून मोजून राहिला रे बाबू? इकाची हाय का काकाची गाडी?"

"नाही वं आत्या, मार्क द्यायचे आहेत."

"गाडीले मार्क?" ती हसली. मग सीटवर हात थापटून म्हणाली, "हिले चांगले मार्क दे. उंच हाय सीट. माणूस उभ्या उभ्या बसते अन् उभ्या उभ्या उतरते."

मी ते ऐकलं आणि लिहिलं नाही. लिहायला रकानाच नव्हता.

काळी-पिवळीला एकूण दहापैकी तीन गुण मिळाले. पहिल्या सादरीकरणात मी तिचा फोटो सगळ्यांत शेवटी ठेवला, खाली मोठ्या अक्षरांत '३/१०'. वर्ग हसला. सरही हसले. कोणीतरी विचारलं, "ही कुठली रे?" मी म्हणालो, "रस्त्यात दिसली." पहिली आली ती धरमपेठेतल्या त्या मित्राच्या घरची लांब सेडान. नऊ गुण.

त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने आत्या अंगणात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला आणून एका रुग्णालयात ऑपरेशन केलं, खुब्याचा गोळा बदलला. बाबा पहिले काही दिवस होते, मग शेतात पाणी द्यायला गेले. आई तिच्याजवळ राहिली. कॉलेज सांभाळून मी येत-जात होतो.

घरी सोडताना काय काळजी घ्यायची याचा छापील कागद मिळाला, इंग्रजीत. तो वाचणारा घरात मी एकटाच. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, गुडघा खुब्याच्या वर जाईल इतक्या खाली कशावरही बसायचं नाही. नाहीतर बसवलेला गोळा खोबणीतून निसटू शकतो. हे मला नीट समजलं होतं. मी बाबांना फोन करून खाट मोजायला लावली आणि खाटेच्या पायांखाली किती विटा द्यायच्या ते सांगितलं. बाबांनी विटा दिल्या, वर बसून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर सांगतलं तू." मला फार बरं वाटलं.

म्हणजे खाट किती उंच हवी हे मला कळत होतं. गाडीची सीट हीदेखील बसायचीच जागा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गाडी म्हटलं की माझ्या डोक्यात तो तक्ता यायचा.

सोडण्याच्या आदल्या दिवशी धरमपेठेतला तो मित्र म्हणाला, "आत्याला आमच्या गाडीत नेऊ. नंबर वन आहे ती, तूच दिला ना नंबर!" तो मनापासून म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. इकडे बाबांनी शेजारच्या काकांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते सकाळची सवारी घेऊन नागपूरला येणार आणि परतताना आत्याला नेणार. काकांना नको म्हणून कळवणं माझं काम होतं. मी कळवलं नाही. खरं सांगायचं तर काळी-पिवळी रुग्णालयाच्या दारात उभी राहील आणि मित्र ती पाहील, या विचाराने मी रात्रभर अस्वस्थ होतो, आणि त्यावर काय करावं ते न सुचून काहीच केलं नाही.

सकाळी दोन्ही गाड्या आल्या. काकांनी मागचं दार उघडून आत समोरासमोरच्या बाकांच्या मध्ये गादी अंथरली होती.

"चाल बाबू, गादी टाकली हाय. झोपून आली तं झोपून, बसून आली तं मधात बसन."

"काका, दुसरी गाडी आली आहे."

त्यांनी सेडानकडे पाहिलं. "हे? लय बसकी हाय गा. आत्याले वाकून घुसा लागन तिच्यात."

"मी मोजली आहे ती, काका. भरपूर जागा आहे."

"मोजली का? मंग काय बोलाचं!" ते हसले. "माही बी मोजली होती ना तुनं. किती मार्क भेटले तिले?"

"तीन."

"कितीपैकी?"

"दहा."

"तिनात पास होते का गा?"

तेवढ्यात मित्र किल्ली फिरवत आला आणि जीपकडे पाहून म्हणाला, "अबे, ही तीच ना? स्लाइडवाली?"

काका तिथेच होते. मी म्हणालो, "सगळ्या सारख्याच दिसतात."

काकांनी मागचं दार लावलं. "जा मंग आरामात," ते म्हणाले. "मी सवाऱ्या भरून येतोच मागून."

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम आत्याला चाकाच्या खुर्चीतून बाहेर घेऊन आल्या. त्यांना दुसऱ्या पेशंटकडे जायची घाई होती. जाता जाता त्यांनी मला विचारलं, "गाडी उंच आहे ना?" मी म्हणालो, "मॅडम, मागे खूप जागा आहे." मला उंची विचारली होती आणि मी जागा सांगितली. त्या मान हलवून आत गेल्या.

आत्याला आत बसवताना तिघे लागलो. छत आडवं येत होतं म्हणून तिचं डोकं दाबावं लागलं. ती खाली गेली, आणखी खाली गेली, मग सीटमध्ये रुतली. सीट मागच्या बाजूला खोल होती आणि पुढची कड वर आलेली. यालाच आम्ही 'मांडीला उत्तम आधार' म्हणून दहापैकी नऊ दिले होते. तिचे गुडघे पोटाजवळ आले. मी पुढे बसलो, माझी सीट शेवटपर्यंत पुढे ओढली आणि मागे वळून विचारलं, "आत्या, पायाला जागा आहे ना?"

"लय हाय. पलंगावानी हाय," ती म्हणाली. तिने दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं, तिला मोटारीची सवय नाही.

रस्ताभर मी मित्राशी बोलत होतो. आईने दोनदा "हळू चालव रे बाळा" म्हटलं. उमरेडला आत्या पहिल्यांदा स्वतःहून बोलली. "बाबू, जरासेक पाय सरळ करू दे गा मले."

चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. मी तिला काखेत धरलं, मित्राने पाय बाहेर घ्यायला मदत केली, आई मागून आधार देत होती. ती इतकी खाली होती की उठायला जोरच मिळत नव्हता. मी ओढलं. तिचा गुडघा आत वळला. आवाज आला, फार मोठा नाही, बोट मोडल्यासारखा. आणि ती ओरडली, "अवं माय वं!"

टपरीवाल्याने बाकडं पुढे केलं. तिला त्यावर आडवं केलं. तिचा तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल आतल्या बाजूला पडलं होतं. छापील कागदावर हे लिहिलेलं होतं, शब्दन् शब्द. मी तिथे उभा होतो आणि मला तो कागद आठवत होता. मित्र रडायच्या बेतात आला होता. त्याची काहीच चूक नव्हती.

काकांची जीप मागून आली. त्यांनी बाकड्याकडे पाहिलं. वळून सवाऱ्यांना म्हणाले, "उतरा गा सारे, दुसरी गाडी धरा."

"आमाले लग्नाले जाचं हाय नं!" एक बाई आतून म्हणाली. मग तिने खाली उतरून पाहिलं, आणि लग्नाची साडी सावरत तीच आत्याच्या पायाशी बसली. "कोनं बसवलं वं हिले अशा गाडीत?" ती आईला म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला अजून दिसतं.

काकांनी गादी काढली, आम्ही सगळ्यांनी मिळून आत्याला तिच्यावर घेतलं आणि गादीसकट मागच्या दारातून सरळ आत सरकवलं. कुठे वाकवावं लागलं नाही, कुठे वळवावं लागलं नाही. मी बाजूच्या बाकावर कडेवर बसलो, गुडघे आवळून, तिला लागू नयेत म्हणून. नागपूरपर्यंत ती डोळे मिटून होती. एकदाच म्हणाली, "तुह्या दोस्ताले सांग, गाडी चांगली होती."

निसटलेला गोळा भूल देऊन जागेवर बसवला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "कशात बसवलं होतं यांना?" मी म्हणालो, "मोठी गाडी होती, सर." ते म्हणाले, "मोठी नाही विचारलं." मग त्यांनी समजावलं. तीन महिने फार जपायचं. पुन्हा निसटला तर पुन्हा ऑपरेशन, आणि या वयात त्यानंतर चालता येईलच असं ते सांगू शकत नाहीत.

बाबा दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी मला काही म्हटलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या वेळी आत्याला घरी नेलं ते काकांनीच, आणि मी होस्टेलवर राहिलो.

पुढचे तीन महिने मी रोज फोन हातात घ्यायचो आणि बरेचदा ठेवून द्यायचो. केला तर बाबा म्हणायचे, "अभ्यास कर." आत्या म्हणायची, "मस्त हावो मी." पाय कसा आहे, असं सरळ विचारायची मला हिंमत होत नव्हती. बाबांच्या तुटक बोलण्याचा अर्थ मी राग असाच लावला होता, आणि तो राग मला योग्य वाटत होता.

शेवटच्या सादरीकरणाआधी मी तो रकाना परत घातला. सगळ्या गाड्यांच्या सीटची जमिनीपासूनची उंची पुन्हा जाऊन मोजली. क्रम बदलला. सेडान खाली गेली, काळी-पिवळी वर आली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा मुद्दा फार चांगला आहे. कसा सुचला?"

मी म्हणालो, "एका ज्येष्ठ व्यक्तीच्या निरीक्षणातून, सर."

ते "व्हेरी गुड" म्हणाले. मी "थँक यू" म्हणालो आणि खाली बसलो. मित्र माझ्याकडे बघत होता. या सगळ्यात मला कशाची सर्वांत जास्त लाज वाटते असं कोणी विचारलं तर मी उमरेड नाही सांगणार. हे सांगेन.

गेल्या आठवड्यात दुपारी शेजारच्या काकांचा फोन आला. त्यांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता. काय झालं असेल ते मी नाव दिसताच ठरवूनही टाकलं.

"बाबू, नागपूरातून वापस येऊन राहिलो. तुह्या आत्याले दाखवाले आणलं होतं. फोटू काढला हाडाचा."

"मग?"

"मंग काय! डॉक्टर म्हने, पक्कं बसलं. आता भेव नाही. काठी बी सोडा म्हने हळूहळू. माह्या गाडीपावत चालत आली थे."

मी विचारलं, "नागपूरला आले होते तर मला का नाही सांगितलं?"

"तिनंच नाही म्हटलं. म्हने, सांगू नका त्याले, थो पुन्हा गाडी धाडन." ते हसले. मागे इंजिनचा आवाज येत होता. मग त्यांनी आवाज खाली आणला. "येक गोष्ट सांगतो, तुले माहीत नसन म्हून. तुह्ये बाबा अजूनही तिच्यावरच तापून राह्यते. म्हनते, या वयात हिले बड्या गाडीत बसाची हौस, अन् पोराले घोर लावला. तिनंच सांगतलं नं त्यायले, पोरगं नाहीच म्हनत होतं, मीच हट्ट धरला म्हून. तुह्या आईले बी गप बसवलं तिनं."

"आणि तुम्ही?"

"मले विचारलं तुह्या बाबानं, खरं हाय का. म्या म्हटलं, असन बाप्पा."